चौघे आणि एक अनोळखी

कोलशेत, ठाणे
१६ एप्रिल २०२५

मंदाकिनी मॅडमना कल्पिता मढवीचा नमस्कार.

ठाकुर्लीच्या वाचनालयात तुमच्या शनिवारच्या वर्गाला मी यायचे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तुम्ही कायदा शिकवायचात. तुम्हाला ऐकायला कमी यायचं म्हणून मी प्रश्न कागदावर लिहून टेबलावर ठेवायचे. आजही तेच करतेय. ही चिठ्ठी क्षिप्रा आणून देईल. ती माझ्यासोबत घोडबंदर रोडच्या ऑफिसात आहे आणि तुमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहते. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि मला तर फोनवर बोलायचीच भीती बसलीय. दिपेशचा फोन पोलिसांकडे आहे.

दिपेश माझा धाकटा भाऊ. रविवारी पोलिसांनी त्याला घरातून नेलं. कलम लावलंय ३१०. दरोडा. मॅडम, आमच्या घरात कुणी दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा उचलून आणलेली नाही.

काय झालं ते सांगते. आमच्या भावकीची देवी आहे. तिला देऊळ नाही, फक्त चांदीचा मुखवटा आहे, आणि तो चार घरांत वर्षावर्षाने फिरतो. चैत्र पौर्णिमेला एका घरातून निघतो, पुढच्या घरी बसतो. गेलं वर्ष बाबुरावकाकांकडे होता. ते माझ्या पप्पांचे चुलतभाऊ. यंदा पाळी आमची. पण आम्ही आता टॉवरमध्ये राहतो, चौदाव्या मजल्यावर. जिथे आमची भातखाचरं होती तिथेच तो टॉवर आहे. काका म्हणाले, “तुमच्या डोक्यावर पंधराव्या मजल्याची माणसं राहतात. ती देवीच्या डोक्यावर चपला घालून फिरणार. मी देवी देत नाय.” पप्पा दोनदा जाऊन हात जोडून आले. काका हलले नाहीत.

पौर्णिमेला दुपारी दिपेश, आमचा चुलतभाऊ हर्षित आणि भावकीतलेच रघु आणि सहदेव काकांच्या घरी गेले आणि मुखवटा घेऊन आले. काका घरात नव्हते. सखुबाईकाकू एकटीच कणीक मळत बसलेली. तशाच पिठाच्या हातांनी ती आडवी आली आणि त्या गडबडीत तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. मी तेव्हा घरीच होते, मला नंतर कळलं.

काकांच्या तक्रारीत चौघांची नावं आहेत, चौघेही आत आहेत, आणि नावांपुढे लिहिलंय, ‘व तोंडास फडके बांधलेला एक अनोळखी इसम’. आमचे वकील म्हणतात, पाचवा कुणी नव्हताच असं आपण धरून चालू, म्हणजे दरोडा पडतो. चार की पाच, एवढ्याने इतका फरक पडतो का? पप्पा जेवत नाहीत. मम्मी रोज पोलिस स्टेशनच्या बाकावर जाऊन बसते.

आणखी एक. माझी महसूल सहायक म्हणून निवड झालीय. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी बाकी आहे. पण ते नंतर. आधी दिपेश.

तुमची विद्यार्थिनी,
कल्पिता

*

ठाकुर्ली
१८ एप्रिल

कल्पिता,

तुझं अक्षर बघूनच तू कोण ते आठवलं. दुसऱ्या बाकावर बसून नको तितके प्रश्न विचारणारी.

मी सरकारी वकील म्हणून कल्याणला आयुष्य काढलं, म्हणजे बरीचशी वर्षं लोकांना आत पाठवण्यातच गेली. तेव्हा सांगते ते गोड नसेल. मी निवृत्त झाले तेव्हा दरोड्याचं कलम ३९५ होतं. नव्या कायद्यात आकडा बदलला, गाभा तोच आहे.

दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी. ती नेण्यासाठी कुणाला इजा केली, अडवून धरलं किंवा भीती घातली, की तीच जबरी चोरी होते. आणि जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली की दरोडा. लोकांना वाटतं दरोड्याला घोडे आणि बंदुका लागतात. तसं काही नाही. पाच माणसं आणि एक मोडलेलं मनगट पुरतं. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दरोड्याला जन्मठेपेपर्यंत. म्हणून तुमचे वकील पाचव्या माणसाच्या मागे लागलेत. त्यांचं गणित चुकीचं नाही. पण पाचवा पुसून टाकला तरी जबरी चोरी उरतेच, आणि तिच्यातही तुझा भाऊ म्हातारा होऊ शकतो.

आता मला खरं काय ते कळव. माझा अनुभव सांगतो की हे भांडण देवीचं नसणार. कोलशेतच्या जमिनीला आज काय भाव आहे ते मला ठाऊक आहे. बाबुरावांशी वाटणीचा दावा चालू आहे का? मुखवट्याची चांदी किती? मुलं प्यालेली होती का? पोलिस हेच विचारणार, म्हणून आधी मी विचारते.

आईला म्हणावं, बाकावर बसून कलम बदलत नाही. घरी जाऊन जेव.

मंदाकिनी खाडिलकर

*

कोलशेत
२० एप्रिल

मॅडम,

तुमचं पत्र वाचून मी आधी फाडणार होते. रागावू नका, पण तुम्हा लोकांना आमचं नाव घेतलं की जमिनीचाच वास येतो. आजोबा मिठागरात पाय कुजवत होते तेव्हा आमच्या जमिनीचा भाव कुणी विचारला नाही. वाटणी माझ्या जन्माआधी झाली, दावाबिवा काही नाही. काका आणि पप्पा आत्ता आत्तापर्यंत संध्याकाळी एकत्र बसायचे. पौर्णिमेचा उपास होता, पोरांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, दारूचं काय घेऊन बसलात! आणि चांदीचं वजन आमच्यात कुणी कधी केलेलं नाही. देवीला काट्यावर ठेवतात का?

तुम्ही अप्रामाणिक हेतू लिहिलंत. मग ऐका ती कशी आणली. चोर पाट घेऊन जातो का? पोरं पाट घेऊन गेलेली, नारळ घेऊन गेलेली, हिरवा खण घेऊन गेलेली. आमच्यात देवी एकट्याने उचलायची नसते, पिशवीत घालायची नसते. पाटावर बसवायची, चौघांनी चार कोपरे धरायचे, आणि घरच्या लेकीने पुढे राहून तिच्या तोंडावर खण धरायचा. वाटेत परक्याची नजर लागू नये म्हणून. भर दुपारी कोलशेत गावातून घोडबंदर रोडपर्यंत पोरं अनवाणी चालत आली. ट्रॅफिक थांबलेलं. एका बसवाल्याने हॉर्न दिला तर रघुने त्याला नमस्कार केला. घरी आणल्यावर मम्मीने पाय धुतले. दिपेशने भावकीच्या ग्रुपवर टाकलं, ‘देवी आली, सात वाजता आरती, सर्वांनी यावे’. काकांनाही ते गेलं. दुसऱ्या दिवशी पोलिस आले तेव्हा देवी हॉलमध्ये बसलेली, समोर समई. शिपायाने आधी चप्पल काढली, मग पंचनामा केला. आता ती मुद्देमाल म्हणून कपाटात आहे.

याला दरोडा म्हणतात?

आमचे वकील म्हणतात ही रीतभात कोर्टात चालत नाही, आपण फक्त चारच होते एवढंच लावून धरायचं. शिवाय काकांवर उलट केस टाकू असंही म्हणालेत. पप्पा त्याला तयार आहेत. माझं डोकं चालत नाही. लवकर लिहा.

कल्पिता

*

ठाकुर्ली
२२ एप्रिल

कल्पिता,

जमिनीबद्दल मी चुकले. ते शब्द मागे घेते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या रागासाठी आणि दुसऱ्यांदा जुन्या सवयीने. चौघांनी चार कोपरे धरायचे आणि घरच्या लेकीने खण धरायचा, असं तू लिहिलंस. दिपेश, हर्षित, रघु आणि सहदेव हे चौघे पाटाला होते. मग खण कुणी धरला?

आणि तू जर घरी होतीस, तर सखुबाई कणीक मळत होती हे तुला कुणी सांगितलं? असले तपशील मुलं घरी येऊन सांगत नाहीत. त्यांच्या लक्षातही येत नाहीत.

उत्तर लगेच नको. आधी पुढचं वाच.

दरोडा ही तीन मजल्यांची गोष्ट आहे असं समज. खाली चोरी, तिच्यावर जबरदस्ती, तिच्यावर पाच जण. तुमचे वकील वरचा मजला पाडायला निघालेत. पण खाली चोरी तशीच राहते. मी त्यांच्या जागी असते तर पाया तपासला असता. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. ही वस्तू न्यायचा मला हक्क आहे असं मनापासून समजून एखाद्याने ती उघडपणे नेली, तर तो चुकला असेल, उद्धट असेल, पण चोर होईलच असं नाही. आणि चोरीच नाही तर जबरी चोरी कशाची? दरोडा कशाचा? पाया काढला की वरचे दोन्ही मजले खाली येतात.

पण ही मुलं हक्काने गेली हे कशावरून? पाट, नारळ, खण, अनवाणी चालणं, आरतीचं बोलावणं, यावरून. म्हणजे तुमच्या रीतीवरून. आणि रीत म्हणते पाच जण. चार सांगितलेत तर तुम्ही रीतीने गेला नव्हता, नुसते घुसला होता. पाच सांगितलेत तर आकडा दरोड्याचा होतो, पण गोष्ट खरी राहते, आणि खऱ्या गोष्टीला न्यायाधीशापुढे उभं राहता येतं. यात धोका आहे का? आहे. न्यायाधीशाला रीत पटली नाही तर पाचवं माणूस तुम्ही स्वतःहून हातात दिलेलं असेल. मी हमी देत नाही. तुमच्या वकिलांचा रस्ता आखूड आणि ओळखीचा आहे, हेही तुला माहीत असू दे.

बाबुरावांवर उलट केस म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू त्यांनी परत दिली नाही, म्हणून विश्वासघात. कागदावर बसतं. पण त्यालाही अप्रामाणिक हेतू लागतो, आणि त्यांनी देवी विकली नाही की गहाण टाकली नाही, तिच्या डोक्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून अडवून ठेवली. जो न्याय दिपेशसाठी मागताय तो बाबुरावांनाही द्यावा लागेल. वडिलांना सांग, ही केस करू नका.

राहिला एक प्रश्न. सखुबाईचं मनगट कुणी धरलं होतं?

मंदाकिनी

*

ठाकुर्ली
२७ एप्रिल

कल्पिता,

पाच दिवस झाले. क्षिप्रा म्हणते तू ऑफिसात येतेस, डबा उघडतेस आणि तसाच बंद करतेस.

ती असंही म्हणाली की जामिनाचा अर्ज बुधवारी दाखल होतोय. अर्जात ‘आरोपी चारच होते’ असं एकदा लिहून गेलं की ते पुसता येत नाही. नंतर खरं सांगायला गेलात तर कोर्ट पहिला प्रश्न विचारेल, आधी खोटं का बोललात? मग आरतीच्या बोलावण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

मी तुझ्यावर दबाव आणत नाही. तुझ्या नोकरीचं मला समजतं. त्या वर्गात तू किती कष्ट केलेस ते मी बघितलंय. गप्प राहिलीस तर तुला दोष देणारी मी कोण? पण जे करशील ते बुधवारच्या आत ठरवून कर. बुधवार आपोआप निघून गेला, असं पुढे स्वतःला सांगू नकोस.

मं.

*

कोलशेत
२८ एप्रिल

मॅडम,

खण मी धरला होता. मनगटही मीच धरलं होतं.

फडक्याचं आधी सांगते. खण धरणाऱ्या लेकीने तोंडाला पांढरं फडकं बांधायचं असतं, आपला श्वास देवीवर पडू नये म्हणून. पोलिसांना तो तोंड बांधलेला दरोडेखोर वाटला. आमच्या भावकीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की ती त्या घरची मुलगी असते. आणि आमच्या घरात मुलगी एकच आहे.

आम्ही गेलो तेव्हा दार उघडं होतं. दिपेश म्हणाला, “काकू, देवी न्यायला आलो.” काकू म्हणाली, “तुझे काकाला येऊ दे. ते आल्याबिगर हात लावू नको.” हर्षित बोलला, “ते पौर्णिमा संपल्यावर येतील गं, मुद्दामच गेलेत ते.” पोरांनी पाट ठेवला, नारळ फोडला, मुखवटा पाटावर घेतला. काकू उठली आणि पाट धरायला धावली. तिने पाट ओढला असता तर देवी जमिनीवर पडली असती. मी तिची दोन्ही मनगटं धरली. तिचे हात पिठाने निसरडे, म्हणून मी आणखी घट्ट धरली. ती मागे ओढत होती, मी सोडत नव्हते. मग आवाज आला. लाकडाचा यावा तसा. पोरं पाट घेऊन उंबऱ्याबाहेर पडलेली, त्यांना कळलंही नाही. काकूने माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. आणि मी तिला तिथे तशीच बसलेली सोडून देवीच्या पुढे चालायला लागले. खण धरणारीने मागे वळायचं नसतं.

तुमचं बावीसचं पत्र आलं तेव्हा मला कळलं की मोजायला लागलं तर सगळं माझ्यापाशीच येतं. चोरीची जबरी चोरी झाली ती माझ्या हाताने. तिचा दरोडा झाला तो माझ्यामुळे पाच झाले म्हणून. आणि आत बसलेत ते चौघे.

काल काकूकडे गेले. काका अंगणात होते. मला बघून गोठ्याकडे निघून गेले, तिथे गुरं नाहीत आता, त्यांची स्कूटर असते. काकू आत पलंगावर. मी म्हटलं, “काकू, काकांनी पोलिसांना अनोळखी का सांगितलं? तू मला ओळखलं नव्हतंस?”

ती म्हणाली, “तोंड बांधलास म्हनून तू परकी झालीस का गं? तुना मी न्हानपनी न्हाऊ घातलंय.”

“मग?”

“मग काय? तुझे काका तावातावान निघाले पोलिसात. मी बोलली, जाताव तर जा, पोरांची नावां सांगा, चार दिस आत बसतील नि सुधरतील. पन पोरीचा नाव नको. तिची नोकरी लागलीय सरकारात. आपले घरानची पयली. ते बोलले, बरा. मग हवालदारान इचारला, पाचवा कोन? ते बोलले, अनोलखी.”

मॅडम, त्यांना वाटलं एक नाव गाळलं की केस हलकी होते. चार दिवसांत पोरं सुटतील. पाचव्या आकड्याने काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. माझं नाव सांगितलं असतं तर हवालदारानेही विचारलं असतं, ही भावकीचीच मुलगी तोंडाला फडकं बांधून कशाला गेली? मग सगळी रीत बाहेर आली असती. मला वाचवायला त्यांनी एक दरोडेखोर तयार केला.

मी काकूला दरोड्याची शिक्षा सांगितली. ती पलंगावर उठून बसली. मग म्हणाली, “जन्माची? आपले दिपेशला?” आणि बाहेर बघून ओरडली, “आयकलाव का तुमी? इकरं या. इकरं या आधी!”

काका आले नाहीत. ऐकत मात्र होते, स्कूटरपाशी उभे राहून.

मी काय करू ते विचारत नाहीये. मी सांगणार आहे. कसं सांगू ते लिहा. पप्पांना अजून माहीत नाही. दिपेशने आतून निरोप पाठवलाय, ताईचं नाव कुणी घेतलं तर मी परत तुमचं तोंड बघणार नाही.

कल्पिता

*

ठाकुर्ली
२९ एप्रिल, सकाळी

कल्पिता,

क्षिप्राला थांबवून ठेवलंय, म्हणून थोडक्यात.

एकटी पोलिस स्टेशनला जाऊ नकोस. आज ऑफिसला सुट्टी टाक आणि वडिलांना घेऊन वकिलांकडे जा. मला लिहिलंस तेच त्यांना सांग, याच क्रमाने, मनगटासकट. ते चिडतील, चिडू दे. त्यांना सांग की बुधवारचा अर्ज थांबवा आणि नव्याने लिहा. त्याच्याबरोबर तुझा अटकपूर्व जामिनाचा अर्ज. तो मंजूर होईपर्यंत जबाब द्यायचा नाही. मंजूर झाला की त्याच दिवशी द्यायचा. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर इथे येऊन कागदावर बोलावं. चहा मी देईन.

बाबुराव आणि सखुबाई यांचा पुरवणी जबाब लागेल. त्यात एकच प्रश्न महत्त्वाचा आहे, यंदा पाळी कुणाची होती? बाकी ते काहीही म्हणोत. तू किंवा तुझ्या वडिलांनी त्यांना शिकवायला जाऊ नये. फिर्यादीला पढवलं असा नुसता वास आला तरी सगळं जाईल.

आता वाईट भाग. चोरी गेली तरी मनगट जात नाही. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापत आहे. ती तू केलीस, आणि ती तुझ्या एकटीच्या नावावर राहील. जामीन मिळण्यासारखा गुन्हा आहे, पण गुन्हा आहे. पडताळणीच्या अर्जात तुला तो लिहावा लागेल. लपवलास तर नोकरी नंतर जाईल, सांगितलास तर कदाचित आत्ताच जाईल. यातून तिसरी वाट काढून देता आली असती तर दिली असती.

दिपेशच्या निरोपाचं मनावर घेऊ नकोस. तो आत आहे, त्याला बाहेरचं दिसत नाही.

मंदाकिनी

*

कोलशेत
१७ मे

मंदाकिनी मॅडम,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं पूर्ण काहीच होत नव्हतं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. पप्पा वकिलांच्या केबिनमध्ये माझ्या बाजूला बसून ऐकत होते. मी संपवलं तेव्हा म्हणाले, “मना आधी का नाय सांगितला?” आणि मग पुढे वकिलांकडे बघत, “ती बोलली तसाच लिवा.” वकील चिडले, अपेक्षेप्रमाणे. पण अर्ज त्यांनी चांगला लिहिला. पाट, नारळ, आरतीचा मेसेज सगळं घातलं. फडक्याचं मी तीन वेळा समजावून सांगितलं.

माझा अटकपूर्व मंजूर झाला त्या दिवशी मी जबाब दिला. तपास अधिकाऱ्यांनी मला विचारलं, तुम्ही नाव सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं, मग का आलात? मी म्हटलं, सगळ्यांना माहीत होतं साहेब, फक्त तुम्हाला नव्हतं. ते हसले नाहीत. लिहीत राहिले.

काकांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं त्या दिवशी आम्ही कुणी तिकडे फिरकलो नाही. हे सगळं काकूकडून कळलं. साहेबांनी विचारलं, पाळी कुणाची होती? काका म्हणाले, टॉवरमध्ये देवी जात नसते. साहेब म्हणाले, ते नाही विचारलं, पाळी कुणाची? काका म्हणाले, त्यांच्या डोक्यावर पंधरावा मजला आहे. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं. काका बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, “त्यांची. पाळी त्यांचीच व्हती. तवा खोटा कसा बोलू?” बाहेर येऊन ते काकूवर ओरडले की तुझ्यामुळे मला भावकीसमोर तोंड राहिलं नाही. काकू म्हणाली, भावकीसमोर तोंड आत्ताच तर आलं.

काकूचा जबाब घरी येऊन घेतला. त्याच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली होती, चौदाव्या मजल्यावर, पहिल्यांदाच. लिफ्टमध्ये तिने डोळे मिटून घेतले म्हणे. मला बाजूला घेऊन म्हणाली, “मी सांगते, माझा पाय घसरला. पीठ सांडलेला, घसरली नि परली. तुझा हात मधी नव्हताच. म्हातारी बाय परते, कोन काय इचारतंय?”

मॅडम, मी एक मिनिट गप्प राहिले. ते एक मिनिट तुम्हाला सांगायलाच पाहिजे असं मला वाटतं. कारण त्या मिनिटात माझं सगळं वाचत होतं. नोकरी, नाव, मम्मीची झोप. आणि मला कुणी खोटं बोलायलाही सांगत नव्हतं. फक्त काकूला बोलू द्यायचं होतं.

मी म्हटलं, “नको काकू. तू माझ्यासाठी काकांना एकदा खोटं बोलायला लावलंस, त्याने चार पोरं आत गेली.”

ती चिडली. म्हणाली, “मोठी शानी. तुना शिकवला तेच चुकला.” प्लास्टरच्या हाताने डोळे पुसायला गेली आणि कपाळावर लागलं. मग आम्ही दोघी हसलो, आणि मग नाही हसलो. दुसऱ्या दिवशी तिने जे झालं ते सांगितलं.

सुट्टीतल्या कोर्टाने चौघांना जामीन दिला. आदेशात लिहिलंय की वस्तू नेण्यामागे अप्रामाणिक हेतू होता असं सध्या तरी दिसत नाही, हा भावकीतल्या हक्काचा वाद दिसतो. केस संपलेली नाही. वकील म्हणतात आरोपपत्रात दरोड्याचं कलम टिकणार नाही, पण ते ठरायचं आहे. माझं दुखापतीचं कलम मात्र टिकणार असं ते स्वतःच म्हणाले. देवी अजून मुद्देमालाच्या कपाटात आहे. ती कुणाच्या ताब्यात द्यायची याचा अर्ज पप्पा आणि काका दोघांनी मिळून करावा असं कोर्टाने सुचवलंय. अजून दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत. अर्ज मात्र टाइप करून ठेवलाय.

पडताळणीच्या फॉर्ममध्ये मी सगळं लिहिलं. उत्तर काल आलं. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत नियुक्ती स्थगित. रद्द नाही, स्थगित. मी ते मम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चांगलं की वाईट? मी म्हटलं, मलाही कळत नाही.

परवा दिपेशला आणायला पप्पा आणि मी गेलो. तो बारीक झालाय, दाढी वाढलीय. पप्पांच्या पाया पडला, माझ्याकडे बघितलं नाही. परतताना रिक्षात मध्ये पप्पा बसले. कोलशेतचा नाका आला. मग तो बाहेर बघतच म्हणाला, “तुला कुणी सांगितलेलं नाव घालायला? आम्ही बघून घेतलं असतं ना.”

“काय बघितलं असतंस? दहा वर्षं?”

“मग आता तुला पण कोर्टात यायला लागणार.”

“येईन.”

“नोकरीचं काय?”

“थांबलीय.”

मग पप्पांच्या मागून हात काढून त्याने माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायचा तशी, पण जोरात, लागेल अशी. मी ओरडले. पप्पा म्हणाले, “ए, रिक्षात मारामारी नको. आधीच काय कमी कलमा हाईत काय?” रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

पुढची तारीख सोळा जूनला आहे. आम्ही पाच आरोपी एका रिक्षात मावणार नाही, दोन कराव्या लागतील. हर्षितने कालच भांडण सुरू केलंय, पुढच्या सीटवर कोण बसणार म्हणून.

तुमची,
कल्पिता